यादीत पुस्तकाच्या नावापुढे आवृत्तीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या किंवा वर्ष सरत आले की ‘वाचायलाच हवीत अशी आत्मचरित्रे आणि चरित्रे’ या मथळ्याची एखादी यादी पुरवण्यांमधून येते. यादीतली नावे बहुतेक वेळा योग्यच असतात. ‘स्मृतिचित्रे’, ‘बलुतं’, ‘सांगत्ये ऐका’, ‘सत्याचे प्रयोग’, ‘एक होता कार्व्हर’, ‘अग्निपंख’ ही पुस्तके वाचू नका असे कोण म्हणेल? अडचण पुढे सुरू होते. ते नाव कागदावर लिहून वाचक ग्रंथालयात येतो, तेव्हा त्याच नावाची दोन-तीन निरनिराळी पुस्तके कपाटात उभी असतात आणि त्यातले कोणते उचलायचे याबद्दल यादी गप्प असते. आत्मचरित्राच्या बाबतीत ही चूक महाग पडते. कथा-कवितेची आवृत्ती बदलली तरी मजकूर सहसा तोच राहतो. आत्मचरित्रात मात्र संपादक, मुलगा, नातू, प्रकाशक, शब्दांकन करणारा असे अनेक हात फिरलेले असतात.

‘स्मृतिचित्रे’च घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध होत गेले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. आज एक प्रत संपूर्ण मजकुराची मिळते, एक संक्षिप्त मिळते आणि एक त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह संपादित केलेली ‘अभिनव आवृत्ती’ मिळते. संक्षिप्त प्रत पातळ, हातात धरायला हलकी. पहिल्यांदा वाचणारा साहजिकच ती उचलतो आणि ‘झाले वाचून’ म्हणून बाजूला ठेवतो. पण संक्षेप करणारा घटना राखतो आणि आजूबाजूचा पसारा कापतो, आणि लक्ष्मीबाईंची सगळी ताकद त्या पसाऱ्यात आहे. वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा तापटपणा आणि त्याच्याच जोडीचा भोळेपणा, पाहुण्यांनी भरलेले आणि पैशाने रिकामे घर, स्वतःच्या झालेल्या फजित्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला ही नोंद कोणत्याही कोशात सापडेल. त्यानंतर मागे राहिलेल्या बाईच्या मनातली जातीची आणि विटाळाची गाठ कशी सैल होत गेली, ते फक्त या पुस्तकात सापडते, आणि तेही सावकाश वाचले तरच. म्हणून पहिले वाचन संपूर्ण प्रतीचे करावे. टिपांची आवृत्ती दुसऱ्या वाचनाला घ्यावी, कारण पहिल्याच वाचनात दर पानाला टीप पाहायला थांबले की लक्ष्मीबाईंच्या बोलण्याची लय तुटते.

जुन्या पुस्तकांच्या इतक्या आवृत्त्या का निघतात याचे कारण साधे आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होते आणि मग कुणीही ते छापू शकतो. काही प्रकाशक ते निष्ठेने छापतात. काही जण पाने वाचवण्यासाठी मूळ प्रस्तावना, परिशिष्टे आणि सूची गाळतात आणि तसे कुठे सांगतही नाहीत. ओळखायची खूण एकच. मुखपृष्ठ पाहू नका, आतले मुद्रणपृष्ठ पाहा. तिथे ‘पहिली आवृत्ती’ म्हणून फक्त अलीकडचे वर्ष असेल आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष कुठेच नसेल, तर ती प्रत संशयाने हाताळावी. ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर बहुधा तोच आहे. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर कुणी सुधारली हे प्रस्तावनेत लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल तर दुसरी प्रत शोधावी. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आवृत्तीने पुस्तक किती बदलते याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण ‘माझा प्रवास’ आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. परत आल्यावर सुमारे पाव शतकाने त्यांनी हे सगळे लिहून काढले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते १९०७ मध्ये छापले, पण भाषा आणि मजकूर यांत बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे जवळपास ६० वर्षे महाराष्ट्र गोडसे भटजींचे म्हणून जे वाचत होता, त्यात वैद्यांचा वाटा मोठा होता. आजही बाजारात दोन्ही वंशांच्या प्रती आहेत. पोतदारांची प्रत घ्यावी, आणि हाती वैद्यांची असेल तर ती संपादित आहे हे लक्षात ठेवून वाचावी. आणखी एक भान ठेवावे लागते. २५ वर्षांनी आठवून लिहिलेल्या मजकुरात माणसे, वास, भीती, भूक हे सगळे शाबूत राहते; तारखा आणि क्रम राहत नाहीत. गोडसे भटजींकडून झाशीतल्या माणसांचे हाल ऐकावेत, लढाईचे वेळापत्रक इतिहासाच्या ग्रंथात पाहावे.

परभाषेतल्या पुस्तकांनाही हेच लागू आहे. अ‍ॅन फ्रँकने आपली रोजनिशी १२ जून १९४२ ते १ ऑगस्ट १९४४ या काळात लिहिली आणि त्यातला बराच भाग पुढे प्रसिद्ध करण्याच्या हेतूने स्वतःच पुन्हा लिहून काढला. वडिलांनी दोन्हींतून निवड करून १९४७ मध्ये पुस्तक काढले. पुढे निघालेल्या आवृत्त्यांत गाळलेला मजकूर परत आला. मराठी अनुवाद घेताना तो कोणत्या आवृत्तीवरून केला आहे हे पाहणे म्हणूनच गरजेचे. अनुवादकाने ते लिहिले नसेल, तर तेवढा विश्वास कमी ठेवावा.

आता शब्दांकनाविषयी. पुस्तक ‘मी’ने सुरू होते म्हणजे लेखणीही त्याच माणसाच्या हातात होती असे वाचक धरून चालतो. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. सांगणाऱ्या हंसाबाई, शब्दांकन अरुण साधूंचे. यामुळे पुस्तक कमअस्सल ठरत नाही. उलट हंसाबाईंच्या बोलण्यातला तुटकपणा, मध्येच गप्प होणे, स्वतःला न सोडता बोलणे हे त्या कागदावर टिकले, याचे श्रेय शब्दांकनाला आहे. पण वाचताना प्रश्न बदलतो. एखादा प्रसंग का आला नाही? हंसाबाईंनी सांगितला नाही, की लिहिणाऱ्याने घेतला नाही? श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) याच पुस्तकावर आधारलेला आहे. चित्रपट आधी पाहून पुस्तकाकडे आलेल्यांची हमखास गफलत होते, कारण चित्रपटाने आपल्या गरजेपुरते बदल केले आहेत आणि वाचक ते पुस्तकात शोधत बसतो.

‘शब्दांकन’, ‘सहलेखन’, ‘संपादन’ आणि ‘लेखनसाहाय्य’ या चार शब्दांत फरक आहे. शब्दांकनात एकाने सांगितले, दुसऱ्याने लिहिले. सहलेखनात दोघांचीही नावे लेखक म्हणून येतात. अब्दुल कलाम यांच्या ‘विंग्ज ऑफ फायर’चे (१९९९) अरुण तिवारी सहलेखक आहेत, आणि माधुरी शानभाग यांचे ‘अग्निपंख’ हा त्याचा अनुवाद. म्हणजे मराठी वाचकापर्यंत कलाम आणखी दोघांमधून पोहोचतात. संपादनात मजकूर त्या माणसाचाच असतो, निवड दुसऱ्याची. लेखनसाहाय्य हा सर्वांत निसरडा शब्द, त्यात काहीही मावते. कधी तर नाव मुखपृष्ठावर नसतेच. टेनिसपटू आंद्रे आगासीचे ‘ओपन’ (२००९) ज्याने लिहून दिले त्या जे. आर. मोरिंगरचे नाव फक्त ऋणनिर्देशात आहे. म्हणून आभाराचे पान आधी वाचावे. प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी, कारण प्रस्तावनाकार बहुधा शेवट फोडतो आणि काय वाटून घ्यायचे तेही सांगून ठेवतो.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) हा ‘मी’चा प्रश्न लेखकाने स्वतःच उघड्यावर मांडला आहे. त्यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू आपली हकीकत दया पवारला सांगतो. शिकून शहरात रुजलेला एक आणि गावकुसाबाहेर राहिलेला दुसरा, एकाच अंगातले दोघे. ही सुरुवातीची काही पाने घाईघाईने उलटली तर पुढचे पुस्तक निव्वळ दुःखाची जंत्री वाटू लागते, आणि दुर्दैवाने अनेक जण तसेच वाचतात. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या नावातच ‘आमुचं’ आहे. एका बाईची कहाणी वाचायची म्हणून उघडाल तर चुकाल, ती वस्तीची कहाणी आहे. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३), लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७) यांतली बोली अडली तर दोन-तीन पाने मोठ्याने वाचावीत. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला बहुधा ओळखीचा निघतो. शेवटी शब्दार्थ दिले असतील तर त्या पानांची झेरॉक्स काढून खूण म्हणून वापरावी, नाहीतर दर वेळी मागे उलटून वाचनाचा जीव जातो.

मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते जोडपुस्तकांविषयी. कोणतेही आत्मचरित्र एकटे घरी नेऊ नये. शक्यतो त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचे पुस्तक सोबत न्यावे, आणि या बाबतीत मराठीइतकी श्रीमंती फार थोड्या भाषांत असेल. धोंडो केशव तथा अण्णा कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ संयत आहे. विधवांसाठीचा आश्रम ही त्यांची संस्था कशी उभी राहिली, वर्गणी कशी जमली, मतभेद कसे झाले, सगळे शांतपणे येते. त्याच्या शेजारी आनंदीबाई तथा बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ठेवा. बाया या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ मध्ये त्यांचा अण्णांशी पुनर्विवाह झाला. अण्णांच्या पुस्तकात जी देणगी आहे ती बायांच्या पुस्तकात घरातली ओढाताण आहे. संस्थेकडे गेलेला प्रत्येक रुपया मुलांच्या ताटातून गेला की कसे, हा हिशेब बायांनी मनात ठेवला होता आणि सांगताना तो लपवला नाही. दोघेही खरे बोलत आहेत. तिसरे पुस्तक पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८). त्या बायांच्या सख्ख्या बहीण. स्वतः विधवा, आश्रमात शिकल्या, मग आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. संस्थेला पैसा देणारा पुरुष, त्याच्या घरात राहणारी बायको आणि त्या संस्थेसाठी दारोदार फिरणारी मेहुणी. क्रम असा ठेवावा: आधी बाया, मग पार्वतीबाई, शेवटी अण्णा. उलट क्रमाने वाचले की बायांचा कडवटपणा कुरकुर वाटतो. या क्रमाने वाचले की अण्णांच्या शांत वाक्यांखाली काय काय दडले आहे ते दिसते, आणि गंमत म्हणजे अण्णांविषयीचा आदर कमी होत नाही.

एकच प्रसंग तीन पुस्तकांत कसा शोधायचा याचा सराव करायचा असेल तर पुण्यातले पंचहौद मिशनचे चहा प्रकरण घ्यावे. १८९० मध्ये मिशनमधल्या एका कार्यक्रमाला पुण्यातली बडी मंडळी गेली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. ख्रिस्त्यांकडे खाणेपिणे म्हणजे धर्म बुडवणे, असे म्हणत सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. आता रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) उघडा. न्यायमूर्तींनी पुढे प्रायश्चित्त घेतले, मित्रांची आपापल्या घरात झालेली कोंडी सुटावी म्हणून. रमाबाईंना ते मनातून रुचले नव्हते, आणि नवऱ्याविषयी अपार भक्ती असूनही ती रुखरुख त्यांनी लिहून ठेवली. मग न. चिं. केळकर यांचे तीन खंडांतले टिळकचरित्र काढा. तिथे टिळकांनी काशीला घेतलेले प्रायश्चित्त आणि त्यावरचा वाद वेगळ्या बाजूने दिसतो, कारण केळकर टिळकांच्या छावणीतले. तिसरे म्हणजे हा गोपाळराव कोण ते पाहा. पहिल्या मराठी महिला डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती. बायकोला शिकवण्यासाठी साऱ्या जगाशी भांडलेला माणूस आणि प्रतिष्ठितांच्या चहाची यादी छापून गावात वणवा पेटवणारा माणूस एकच, हे कळले की ‘आनंदी गोपाळ’मधला गोपाळ पुन्हा वाचावासा वाटतो.

आणि इथेच थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्री. ज. जोशींचे ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी आहे. सुंदर आहे, पण कादंबरी आहे. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘राऊ’ याही कादंबऱ्याच. अनेक याद्यांत या सर्रास ‘चरित्रे’ म्हणून छापल्या जातात, आणि मग विद्यार्थी त्यांतले संवाद इतिहास म्हणून निबंधात उतरवतात. बंद खोलीत दोघेच असताना काय बोलणे झाले हे अवतरणचिन्हांत दिले असेल आणि खाली पत्र, बखर वा साक्ष यांचा आधार नसेल, तर ते लेखकाने रचलेले आहे. त्यात गैर काही नाही, फक्त कप्पा वेगळा. आनंदीबाईंचे चरित्र हवे असेल तर अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व’ घ्यावे. ३१ मार्च १८६५ चा जन्म, ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला मृत्यू. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. हे तीन दिनांक वहीत लिहून मग कादंबरी वाचली तर ती अधिक चटका लावते. ‘श्यामची आई’ही याच उंबरठ्यावरचे पुस्तक. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले आणि ते १९३५ मध्ये छापून आले. त्यात जीवन आहे आणि रचनाही आहे.

डॉ. आंबेडकरांवर काय वाचावे असा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि उत्तर म्हणून बहुधा एकच पुस्तक सांगितले जाते. एकाने भागत नाही. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. मराठी रूप १९६६ चे. घटनाक्रम बसवायला ते उत्तम. चांगदेव खैरमोडे यांनी १९५२ पासून खंडामागून खंड काढले. ते सलग वाचू नयेत, कीर वाचताना एखादे वर्ष अडले की त्या वर्षाचा खंड उघडावा. शेवटच्या वर्षांसाठी डॉ. सविता आंबेडकर यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ (१९९०). पण सुरुवात करायची ती बाबासाहेबांच्या स्वतःच्या छोट्या इंग्रजी आठवणींपासून, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’पासून. शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या १२ व्या खंडात त्या आहेत, एका बैठकीत वाचून होतात. १९०१ मध्ये वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेले नाही. जात कळताच गाडीवाले नकार देतात. दुप्पट भाडे ठरवून, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास सुरू होतो. शिदोरी सोबत आहे, पाणी मात्र कुणी देत नाही, म्हणून मुले रात्रभर उपाशी राहतात. हा प्रसंग इतर चरित्रांतही येतो. कुणी कोणता तपशील ठेवला, कोणता बदलला, हे शेजारी ठेवून पाहावे. चरित्रकाराची पारख यापेक्षा लवकर होत नाही.

पुस्तक कुठे थांबते हेही यादीने सांगायला हवे. ‘सत्याचे प्रयोग’ १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’मधून गुजरातीत येत गेले, पण आयुष्य मात्र १९२० च्या नागपूर काँग्रेसपर्यंतच सांगते. दांडी, फाळणी शोधणारा वाचक हिरमुसतो. आफ्रिकेतल्या लढ्यासाठी वेगळे पुस्तक सोबत वाचा असे गांधीजींनी त्यातच सुचवले आहे. यशवंतराव चव्हाण तीन भाग लिहिणार होते. ‘कृष्णाकाठ’ हा पहिलाच भाग झाला आणि तो १९४६ शी थांबतो. मुख्यमंत्रिपद त्यात नाही. ‘अग्निपंख’चे मूळ १९९९ चे, राष्ट्रपतिपद २००२ चे.

लोकप्रिय चरित्रांबद्दल एक इशारा. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून पिढ्यांनी वाचले आहे आणि वाचावे. पण या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाभोवती, कार्व्हर यांच्याभोवती, जगभर दंतकथा जमल्या आहेत. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले, ही त्यातली सर्वांत पसरलेली. शेंगदाण्याच्या लगद्याचे पेटंट १८८४ मध्येच कॅनडातल्या मार्सेलस एडसनला मिळालेले होते. कार्व्हर यांचे काम वेगळे आणि माझ्या मते मोठे आहे. कापसाने निकामी केलेल्या जमिनीत भुईमूग लावायला त्यांनी शेतकऱ्याला शिकवले आणि १९१६ च्या पत्रिकेत तो खायच्या १०५ कृती छापून दिल्या. चरित्रातली एखादी गोष्ट फारच गोळीबंद वाटली की कोशात एकदा पडताळून पाहावी.

जुनी पुस्तके वाचताना वर्षांचा गोंधळ होतो तो टाळता येतो. शकाला ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण महिना जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळात पडत असेल तर ७९ मिळवावे. शके १८१५ चा आषाढ म्हणजे १८९३, फाल्गुन म्हणजे १८९४. मराठवाड्यातल्या आठवणींत फसली सन येतो, तिथे ५९० मिळवा. ‘बाराव्या वर्षी लग्न झाले’ याचा अर्थ अकरा पूर्ण, बारावे चालू. या एकाच शब्दामुळे कितीतरी लेखांत वय एक वर्षाने चुकते. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ नंतर १०० नवे पैसे. जुना पगार आजच्या रुपयांत फिरवण्याचा खटाटोप करू नये. त्याच पुस्तकात भाडे किती, फी किती ते पाहून पगाराशी ताडावे. बायकांची नावे लग्नात बदलतात, म्हणून सूचीत दोन ठिकाणी शोधावे. यमुना म्हणजे आनंदीबाई जोशी, गोदूबाई म्हणजे आनंदीबाई कर्वे, आणि या दोन आनंदीबाईंची गल्लत तर नेहमीचीच. संगणकावर शोधताना जुने शीर्षक अनुस्वारासह टंकून पाहावे. ‘आयुष्यांतील’ आणि ‘आयुष्यातील’ यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची बहुतेक शीर्षके अनुस्वारांसह नोंदलेली आहेत.

वाचताना एक उभा कागद जवळ ठेवावा, तीन रकाने पाडून: सन, वय, घटना. दर प्रकरणाला एक-दोन ओळी पुरतात. पुस्तक संपल्यावर कागदावर जिथे पाच-सात वर्षांची मोकळी जागा राहिली असेल, तिथे बोट ठेवा. त्या वर्षांत काय झाले हे दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात मिळते का ते शोधा. मराठीत सूची नसलेली चरित्रे दुर्दैवाने फार आहेत. अशा वेळी आपली प्रत असेल तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव आणि पृष्ठांक लिहीत जावे. ग्रंथालयाची असेल तर तोच कागद आत ठेवून परत करा. पुढच्या वाचकाला तो उपयोगी पडतो.

तेव्हा विनंती अशी. पुढची यादी छापाल तेव्हा दहा नावांऐवजी सहाच द्या, पण प्रत्येक नावाखाली तीन ओळी असू द्या. मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि कोणती आवृत्ती घ्यावी. लेखणी कुणाची, शब्दांकन वा अनुवाद असेल तर कुणाचा आणि कोणत्या प्रतीवरून. आणि सोबत वाचायचे दुसरे पुस्तक कोणते. जागा तेवढीच लागेल.

आपला,
एक ग्रंथपाल